वाकलेल्या काठीचं गणित

६ एप्रिल २०२५ रोजी आपल्याकडे आयपीएल रंगात आलं होतं, त्यामुळे न्यूयॉर्कजवळच्या एल्मॉन्टमध्ये बर्फावर काय घडलं याची इथे फारशी कुणी दखल घेतली नाही. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा रशियन फॉरवर्ड अलेक्झांडर ओव्हेच्किन याने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधला आपला ८९५वा गोल केला. वेन ग्रेट्स्की १९९९मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ८९४ गोल होते आणि हा आकडा कुणी ओलांडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. योगायोग असा, की ग्रेट्स्की एकूण १४८७ सामने खेळला आणि ओव्हेच्किनने विक्रम मोडला तोही आपल्या १४८७व्या सामन्यात. अंकज्योतिषवाल्यांनी खुशाल १, ४, ८, ७ची बेरीज करत बसावं. शेकडो खेळाडू आणि हजारो आकडे असले की त्यातले दोन कुठे ना कुठे जुळतातच.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. विक्रम मोडताना हा माणूस ३९ वर्षांचा होता. त्याच हंगामात, नोव्हेंबरमध्ये, त्याच्या डाव्या पायाचं फिब्युला हे हाड मोडलं होतं. तरी हंगाम संपला तेव्हा त्याचे ४४ गोल झाले होते. वय वाढतं तसे झटपट आकुंचन पावणारे स्नायुतंतू कमी होतात, स्केटिंगचा वेग उतरतो. मग गोल का उतरले नाहीत?

‘अहो, मनगटात ताकद आहे त्याच्या’ हे नेहमीचं उत्तर. ते अर्धंच खरं. बाकीचं उत्तर त्याच्या काठीत आहे.

आइस हॉकीचा चेंडू म्हणजे पक, ही रबराची चपटी चकती. जाडी एक इंच, व्यास तीन इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. आपला क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे वजनात दोघं जवळपास भाऊच. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात टाकलेला सर्वांत वेगवान चेंडू ताशी १६१.३ किलोमीटरचा होता. ओव्हेच्किनने २०१८च्या ऑल-स्टार स्पर्धेत मारलेला फटका ताशी १०१.३ मैल, म्हणजे सुमारे १६३ किलोमीटरचा. फलंदाजाला चेंडू जवळपास वीस यार्डांवरून येताना दिसतो. गोलरक्षकाला किती अंतर मिळतं, ते पुढे येईलच.

हा फटका, ज्याला स्लॅप शॉट म्हणतात, टीव्हीवर पाहिला तर वाटतं, खेळाडूने काठी मागे नेली आणि पकवर दाणकन आपटली. प्रत्यक्षात काठी आधी पकला लागतच नाही. ती पकच्या काही इंच मागे बर्फावर आदळते. मुद्दाम.

आता काठीकडे नीट पाहा. वरचा हात टोकाशी, खालचं पातं बर्फावर टेकलेलं आणि मधे दुसरा हात पूर्ण शरीराचा भार देऊन दांडा पुढे रेटतोय. दोन टोकांना आधार आणि मधे भार, म्हणजे अभियांत्रिकीतली साधी तुळई. दांडा कार्बन फायबरचा असतो. तो स्पष्ट दिसेल इतका वाकतो आणि त्या वाकण्यात स्थितिस्थापक ऊर्जा साठते. पातं बर्फावरून सुटून पकला भिडतं तेव्हा दांडा सरळ होऊ लागतो आणि साठलेली ऊर्जा पातं आणखी वेगाने पुढे फेकते. हाताच्या वेगात दांड्याच्या उसळीचा वेग मिसळतो.

किती ऊर्जा? ढोबळ हिशेब करू. प्रत्येक काठीवर ‘फ्लेक्स’चा आकडा छापलेला असतो. ८० आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवायला ८० पौंड बल लागतं. एसआय एककांत मांडलं तर दर मीटरला सुमारे १४,००० न्यूटन. दांडा १० सेंटिमीटर वाकला असं धरा. साठलेली ऊर्जा ½kx², म्हणजे ७० ज्यूल. १७० ग्रॅमची पक सेकंदाला ४५ मीटर वेगाने सुटली तर तिची गतिज ऊर्जा ½mv², म्हणजे सुमारे १७२ ज्यूल. सगळे ७० ज्यूल पकला मिळत नाहीत, थोडे दांड्याच्या थरथरण्यात जातात. तरी वाटा मोठा आहे. गंमत म्हणजे दांडा कापून आखूड केला की तो जास्त ताठ होतो, कारण ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी दहा टक्क्यांनी घटवली की ताठपणा सदतीस टक्क्यांनी वाढतो. मग छापलेला ८० आकडा नुसता शोभेचा उरतो.

पण माझ्या मते खरी जादू ऊर्जेत नाही, वेळेत आहे. क्रिकेटची बॅट आणि चेंडू यांची भेट जेमतेम एक मिलिसेकंद टिकते. स्लॅप शॉटमध्ये पातं आणि पक साधारण ३० ते ४० मिलिसेकंद एकमेकांना चिकटून असतात आणि तेवढ्यात फूटभराहून जास्त अंतर बरोबरच कापतात. आवेग आठवा: बल गुणिले वेळ. पकला ४५ मीटर वेग द्यायला ७.६५ न्यूटन-सेकंद लागतात. ३५ मिलिसेकंदांत ते द्यायचे तर सरासरी बल निघतं २१८ न्यूटन, म्हणजे बावीस किलोच्या पोत्याएवढं. एका मिलिसेकंदात द्यायचे असते तर ७,६५० न्यूटन लागले असते. म्हणजे स्लॅप शॉट हा फटका कमी आणि ढकलणं जास्त. म्हणूनच दांड्याचं सरळ होणं आणि पकचं सुटणं यांचा मेळ बसावा लागतो. दांडा फार ताठ असेल तर तो पुरेसा वाकतच नाही किंवा लवकर सरळ होतो. फार लवचीक असेल तर पक गेल्यावर जागा होतो. खेळाडूंमध्ये रूढ असलेला ठोकताळा असा, की पौंडांतल्या आपल्या वजनाच्या निम्मा फ्लेक्स घ्यावा. महागडी काठी घेतली की शॉट आपोआप सुधारेल असं सुचवणाऱ्या जाहिराती हा मेळ विकत देत नाहीत.

आणि नुसता वेगही पुरत नाही. झ्डेनो चाराने २०१२मध्ये ताशी १०८.८ मैलांचा फटका मारून दाखवला. त्याने कारकिर्दीत १६८० सामन्यांत केलेले गोल आहेत २०९. तो बचावपटू, फटका लांबून मारायचा, ही गोष्ट खरी. पण मुद्दा तोच आहे: कुठून मारता?

ओव्हेच्किनची जागा ठरलेली. गोलच्या डावीकडचं फेसऑफ वर्तुळ, म्हणजे पंच पक टाकून खेळ पुन्हा सुरू करतात त्या जागांपैकी एक. चाहते त्याला त्याचं ‘ऑफिस’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसतो तेव्हा पॉवर प्ले मिळतो, आणि पॉवर प्लेमधल्या गोलांचा विक्रमही २०२१च्या अखेरीपासून ओव्हेच्किनकडेच आहे. तो उजव्या बाजूने काठी धरतो आणि उभा राहतो डावीकडे. त्यामुळे त्याचं पातं मैदानाच्या मध्याकडे असतं आणि उजवीकडून आलेली पक न अडवता थेट मारता येते. त्या वर्तुळाच्या मध्यबिंदूपासून गोलचा मध्य सुमारे ९ मीटर. सेकंदाला ४० मीटर वेगाने पकला तिथे पोचायला लागतात ०.२३ सेकंद. माणसाला नुसतं पाहून हालचाल सुरू करायलाच ०.२ सेकंद जातात. त्यातून पास आडवा आल्यामुळे गोलरक्षक अजून एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकत असतो. तो पक पाहून अडवत नाही, अंदाजाने जागा व्यापतो. ८९५वा गोलही याच वर्तुळातून आला: उजवीकडून सहकारी टॉम विल्सनचा पास आणि गोलरक्षक इल्या सोरोकिन निरुत्तर.

वयाचा प्रश्न इथे थोडा सुटतो. हॉकीचा फॉरवर्ड एका वेळी पाऊण मिनिटच बर्फावर असतो, कारण तेवढ्या जोरदार धावपळीत स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या इंधनाचा साठा आटतो आणि मग बाकावर बसून तो भरून काढावा लागतो. पॉवर प्लेमध्ये मात्र ओव्हेच्किन बऱ्याचदा दोन्ही मिनिटं टिकतो, कारण तो पळतच नाही. उभा राहतो आणि काठी वाकवतो.

दोन खेळाडूंची तुलना करणाऱ्यांनी एक मात्र ध्यानात ठेवावं. ग्रेट्स्कीने १९८१-८२च्या हंगामात ९२ गोल केले तेव्हा एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. ओव्हेच्किनच्या कारकिर्दीत बहुतेक काळ ही सरासरी सहाच्या आसपास राहिली. त्याचा सर्वोत्तम हंगाम २००७-०८चा, ६५ गोलांचा. उलट बाजूने पाहिलं तर ग्रेट्स्कीचे सहकाऱ्यांच्या गोलांना कारण ठरलेले नुसते पासच १९६३ आहेत आणि गोल व पास मिळूनसुद्धा दुसऱ्या कुणाची बेरीज तेवढी होत नाही. तेव्हा ‘थोर कोण’ या वादात विज्ञानाने न पडलेलं बरं.

५ नोव्हेंबर २०२५ला सेंट लुईस ब्लूजविरुद्ध ओव्हेच्किनने ९००वा गोल केला. प्रतिस्पर्धी गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टनने ती पक गुपचूप आपल्या पॅन्टमध्ये कोंबली आणि पंचांना ती मागून घ्यावी लागली. तो गोल बॅकहँडने, जवळून मारलेला होता. त्यात ना ऑफिस होतं, ना वाकलेला दांडा.