किराण्याच्या फळीमागचा इंजिनिअर

दूध दुकानाच्या कुठल्या टोकाला ठेवायचं, संध्याकाळी सातला किती काउंटर उघडे हवेत, गोदामातून एक खोकं काढायला किती सेकंद धरायचे, ही सुपरमार्केटातल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरची रोजची कामं. माणसं, माल, जागा आणि वेळ यांचा कमीत कमी वाया जाईल असा मेळ घालायची ही विद्या कारखान्यातून दुकानात आली, असं सर्रास धरलं जातं. प्रत्यक्षात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली.

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतलं किराणा दुकान आपल्या वाण्याच्या दुकानासारखंच चालायचं. गिऱ्हाईक यादी सांगणार, नोकर जिन्नस काढणार, तोलणार, बांधून देणार. सप्टेंबर १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ उघडलं आणि फळ्या गिऱ्हाइकांना मोकळ्या केल्या. एका बाजूने आत शिरायचं, ठरलेल्या वाटेने सगळ्या मालासमोरून फिरायचं, शेवटी पैसे देऊन बाहेर पडायचं. या मांडणीचं पेटंट त्याला १९१७ मध्ये मिळालं. सॉन्डर्स काही इंजिनिअर नव्हता. पण नोकराचं काम त्याने गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकलं, तेही बिनपगारी, आणि गिऱ्हाईक खूशही झालं. या धंद्यातली इतकी मोठी बचत नंतर क्वचितच कुणाला साधली असेल.

पण गिऱ्हाइकाचे हात भरले की खरेदी थांबते. ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमनने १९३७ मध्ये घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची ट्रॉली केली. सुरुवातीला कुणी ती हातात धरेना, म्हणून दुकानात नुसतं ट्रॉली ढकलत फिरायला त्याने माणसं नेमली.

आता कारखान्याची बाजू. टोयोटा या जपानी मोटार कंपनीतला इंजिनिअर ताइइची ओनो १९५६ मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा मोटारींच्या कारखान्यांबरोबर त्याने सुपरमार्केटंही पाहिली. फळीवरून जेवढं उचललं जातं तेवढंच मागून भरायचं, ही सुपरमार्केटची रीत त्याआधीच त्याच्या डोक्यात घोळत होती. पुढच्या टप्प्याने मागच्या टप्प्याकडून हवं तेव्हा, हवं तेवढंच घ्यायचं, या टोयोटाच्या ‘कानबान’ पद्धतीचं मूळ किराण्याच्या फळीत आहे. नंतर हीच पद्धत ‘लीन’, म्हणजे काही वाया न घालवता काम करणं, या नावाने दुकानदारांना परत शिकवली गेली, हा भाग गमतीचा.

बारकोडची मागणीही किराण्यातूनच आली. १९४८ मध्ये एका किराणा साखळीचा प्रमुख फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत काउंटरवरची नोंद आपोआप होईल असं काही मागत होता. ते तिथे शिकणाऱ्या बर्नार्ड सिल्व्हरच्या कानावर पडलं. त्याने आणि जोसेफ वुडलँडने मिळवलेलं पेटंट १९५२ चं, पण दुकानात पहिलं स्कॅन व्हायला २६ जून १९७४ उजाडला: ओहायोतल्या ट्रॉय गावी, ६७ सेंटचं च्युइंगगमचं पाकीट. काउंटरवरचा वेळ वाचला हे खरंच; पण कुठली वस्तू कधी किती खपली हे आता नेमकं कळू लागलं, आणि इंजिनिअरला खरा कच्चा माल मिळाला तो हा.

आपल्याकडे या विद्येचं शिक्षण अशा मोठ्या दुकानांच्या बरंच आधी आलं. मुंबईत पवईला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकवणारी ‘निटी’ ही संस्था १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने सुरू झाली. तिचं आता आयआयएम मुंबई झालं आहे. राधाकिशन दमाणींचं पहिलं डी-मार्टही पवईतच, २००२ चं. योगायोग असेल, पण लक्षात राहण्यासारखा.

गेल्या काही वर्षांत दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या डार्क स्टोअरनी, म्हणजे गिऱ्हाइकाला आत न घेता फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरणाऱ्या दुकानांनी, सॉन्डर्सचा हिशेब उलटा केला. यादी गिऱ्हाइकाची, फळीवरून जिन्नस काढणारा पुन्हा नोकर. फरक इतकाच, की जास्त खपाचा माल त्याच्या हाताजवळ ठेवला जातो, कुठल्या क्रमाने उचलायचं ते मोबाइल सांगतो आणि एका ऑर्डरला त्याने किती वेळ घेतला याची सेकंदांत नोंद होते.