फुफ्फुसातली ग्रामसभा

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकींनी मला एक फॉरवर्ड पाठवला. रोज सकाळी पणजीत मिरामार किनाऱ्याच्या वाळूत उभं राहून अर्धा तास दीर्घ श्वास घ्या, समुद्राची खारी हवा फुफ्फुसं आतून धुऊन काढते, मग कसली औषधं नि कसले डॉक्टर! खाली जोडलेले हात आणि उगवता सूर्य. एरवी असले मेसेज मी न वाचताच पुसतो. हा ठेवला, कारण त्यात चिमूटभर सत्य आहे, आणि तेही मिठाचंच. ते आपल्याला कळलं एका आजारामुळे. त्याचं नाव सिस्टिक फायब्रोसिस.

आजार आनुवंशिक. आई आणि वडील दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडेही एका जनुकाची एक बिघडलेली प्रत असते. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच मुलात आल्या की आजार होतो. दर खेपेला ही शक्यता चारात एक. जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, ते १९८९ मध्ये सापडलं. त्यातून घडणारं प्रथिन म्हणजे १४८० मण्यांची माळ. युरोपात सर्वाधिक आढळणाऱ्या बिघाडात त्यातला ५०८ वा मणी तेवढा गळलेला असतो. आपल्याकडे हाच बिघाड तुलनेने कमी दिसतो, दुसरे अधिक. म्हणून ‘हा गोऱ्यांचा आजार’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. भारतातली अशी मुलं दम्याच्या किंवा क्षयाच्या कागदांखाली दडलेली असतात.

हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार. त्यातून क्लोराइड, म्हणजे मिठाचा अर्धा भाग, ये-जा करतो. घामाच्या नळीत हे दार मीठ परत आत ओढतं. दार बिघडलं की मीठ घामातच राहतं. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा ही मुलं इतरांपेक्षा लवकर कोलमडत होती. त्यावरून पॉल दि सांतआन्येझे या डॉक्टरांनी १९५३ मध्ये त्यांचा घाम जास्त खारट असल्याचं दाखवलं. आजही निदानाची पहिली तपासणी घामाचीच. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराइड निघालं तर संशय पक्का होत जातो.

बाळाची पापी खारट लागते, कपाळावर पांढरी पूड दिसते, खाऊनही अंग धरत नाही, सतत खोकतं. अशा वेळी आपल्याकडे पहिलं काय होतं? मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढली जाते. मीठ कपाळावरच दिसत असताना मिठानेच ओवाळायचं! ओवाळा हवं तर, पण दुसऱ्या दिवशी घाम तपासायला न्या.

आता फुफ्फुस. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळपर्यंत पाणी सुटतं. मीठ जिकडे, पाणी तिकडे. शाळेत याला परासरण म्हणतात. श्वासनलिकेत ते दार घामाच्या नळीच्या उलट काम करतं. क्लोराइड बाहेर सोडतं, आणि त्याच्यामागून पाणी येतं. या पाण्याचा थर केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. त्यात पेशींवरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि वरचा चिकट थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट, जंतूंसकट, घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो. दार बंद पडलं की पाणी आटतं, केस चिखलात रुतलेल्या झाडूसारखे होतात आणि कचरा जागेवरच राहतो.

लहानपणी तिथे बहुधा स्टॅफिलोकॉकस आणि हिमोफिलस हे जिवाणू शिरतात. पण खरा भाडेकरू पुढे येतो. सुडोमोनास एरुजिनोसा. एम.एस्सी.ला असताना मी तो बशीत वाढवला होता. दुसऱ्या दिवशी झाकण उचललं तर निळसर हिरवा रंग आणि चक्क द्राक्षांचा वास. एरुजिनोसा म्हणजे तांब्यावरच्या कळंकाच्या रंगाचा. बेसिनचं भोक, ओली माती, साचलेलं पाणी, सगळीकडे हा असतो. तुमच्या-माझ्या छातीत रोज थोडासा जात असेल आणि झाडूने बाहेर फेकला जात असेल.

रुतलेल्या झाडूच्या घरात मात्र तो टिकतो. टिकून काय करतो, हे मला या सगळ्या विषयात सर्वांत भन्नाट वाटतं.

प्रत्येक जिवाणू एक छोटा रेणू सतत बाहेर सोडत असतो. एकटादुकटा असेल तर तो रेणू विरून जातो. गर्दी वाढली की तोच रेणू दाटतो, परत पेशीत शिरतो, लासआर नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि शेकडो जनुकं एकदम जागी होतात. आपल्या रविवारच्या ग्रामसभेसारखं: कोरम भरेपर्यंत सगळे फाटकाशी गप्पा मारत उभे, भरला की ठराव. शास्त्रज्ञही याला कोरम सेन्सिंगच म्हणतात. ठराव मंजूर झाला की विषं सुटतात, ऊती विरघळवणारी विकरं सुटतात. दोनचार जिवाणूंनी हा उद्योग केला असता तर पांढऱ्या पेशींनी त्यांना तेव्हाच गाठलं असतं.

मग वसाहत. जिवाणू स्वतःभोवती बुळबुळीत जैवपटल विणतात. आतल्यांना प्राणवायू मिळेनासा होतो, ते सुस्त पडून राहतात, आणि बरीचशी प्रतिजैविकं वाढत्या पेशींनाच मारतात, झोपलेल्यांना नाही. काही काळाने आणखी एक वळण येतं. म्युक-ए नावाचं जनुक म्हणजे ब्रेक. त्यात उत्परिवर्तन झालं की ब्रेक सुटतो आणि जिवाणू अल्जिनेट ओतू लागतो. अल्जिनेट म्हणजे आपल्या खडकाळ किनाऱ्यावरच्या तपकिरी सरगॅसम शेवाळातून काढतात, आइस्क्रीम दाट करायला वापरतात, त्याच जातीचा पदार्थ. त्यावर ऋण भार असतो, म्हणून टोब्रामायसिनसारखं धन भाराचं औषध वाटेतच अडकतं. आणि हा ब्रेक तोडतं कोण? आपल्याच पांढऱ्या पेशी सोडतात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडने तो तुटतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. गंमत अशी, की वर्षानुवर्षं मुरलेल्या कित्येक जिवाणूंत पुढे लासआरच निकामी झालेलं सापडतं. घर बांधून झालं, आता सभेला कोण जातो!

म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ छाप चूर्णांची जाहिरात या आजारासमोर हास्यास्पद वाटते. इथे पांढऱ्या पेशी कमी नसतात, नको इतक्या असतात. त्या मरतात, त्यांचं डीएनए कफात मिसळून कफ आणखी घट्ट होतो, आणि त्यांच्या विकरांनी फुफ्फुसच झिजतं. ते डीएनए कापणारं, श्वासातून घ्यायचं औषध १९९३ पासून आहे.

एक जिवाणू कांद्यातून आला. १९५० मध्ये वॉल्टर बर्कहोल्डर यांनी अमेरिकेत कांदे कुजवणारा जिवाणू शोधला. आज त्याला बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणतात. सेपा म्हणजे लॅटिनमध्ये कांदा. जुन्या पिढीच्या ओठांवरचा पोर्तुगीज सेबोला त्याच कुळातला. हा काही रुग्णांत झपाट्याने जीव घेतो आणि एकाकडून दुसऱ्याला लागतो. म्हणून या आजाराच्या मुलांना एकत्र खेळू देत नाहीत. एकमेकांचं दुखणं ज्यांना नेमकं कळलं असतं, त्यांनाच लांब बसवायचं.

आता काकींचा फॉरवर्ड. ऑस्ट्रेलियात लाटांवर सर्फिंग करणाऱ्या काही रुग्णांचं बरं चाललेलं डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग रीतसर चाचणी झाली आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले: सात टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणाऱ्या यंत्राने, दिवसातून दोनदा घेतलं तर आजार उसळण्याचे प्रसंग कमी होतात. मीठ कफात, पाणी मिठामागे. समुद्र याच्या निम्मा खारट, आणि मिरामारच्या झुळकेतलं मीठ तर त्या तुषारांच्या मानाने नसल्यातच जमा. वाळूत जरूर फिरा, पण नेब्युलायझर बंद करू नका. बिघडलेलं दारच दुरुस्त करणाऱ्या गोळ्या २०१२ पासून आल्या, २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्र गोळी आली. त्यांची किंमत ऐकून आपल्याकडच्या बहुतेक घरांत शांतता पसरते.

तोवर मदार नेब्युलायझरच्या, औषध भरायच्या प्लास्टिकच्या कपावर. औषध झालं की कप साबणाने धुवायचा, पाच मिनिटं उकळायचा आणि पूर्ण कोरडा करायचा, नाहीतर सुडोमोनास थेट औषधातूनच छातीत. पूर्ण कोरडा, तोही गोव्यात, जुलैमध्ये, जेव्हा चपलांवर बुरशी येते आणि कपडे चार दिवस दोरीवरून उतरत नाहीत! माझ्या ओळखीच्या एका घरात आई तो कप खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघते. तळाशी एक थेंब दिसला की पुन्हा पातेलं गॅसवर.