कामाच्या ठिकाणची मध्यस्थी (सोलापूर)

मालक आणि कामगार, किंवा एकाच खात्यातले दोन सहकारी, यांच्यातला तंटा दोघांनाही मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाच्या मदतीने बोलून मिटवणे, म्हणजे कामाच्या ठिकाणची मध्यस्थी. निवाडा देतो तो लवाद. मध्यस्थ फक्त बोलणे पुढे नेतो. तोडगा मान्य करायचा की उठून जायचे, हे दोन्ही पक्षांच्याच हाती राहते.

सोलापुरात १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ सुरू झाली. गिरण्यांच्या काळात तंटे संघटना लढवत आणि मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ खालच्या समेट यंत्रणेपुढे नेत. गिरण्या बंद पडल्या. आज शहराचे काम चादरी-टॉवेलांच्या यंत्रमाग कारखान्यांत आणि बिडी वळणाऱ्या बायकांच्या घरांत विखुरले आहे. पूर्व भागात कारखानदार आणि कामगार अनेकदा एकाच पेठेत राहतात, एकाच लग्नात पंगतीला बसतात. त्यामुळे कारखान्यातले भांडण घरापर्यंत पोचते, आणि तेवढ्याच कारणाने ते मिटवायला ओळखीचा माणूसही सापडतो.

नेहमीचा एक तंटा पाहा. टॉवेलवर तेलाचा डाग सापडतो आणि दिवसपाळीच्या कामगाराची मजुरी कापली जाते. तो म्हणतो, डाग रातपाळीचा आहे. दोन कामगार एकमेकांशी बोलेनासे होतात, मालकाला दोघेही खोटे वाटतात. चांगला मध्यस्थ आधी तो टॉवेल टेबलावर पसरायला सांगतो. मग तिघांना वेगवेगळे भेटतो, कारण मालकासमोर कामगार मोकळेपणाने बोलत नाही, आणि मालकही चारचौघांत माघार घेत नाही. बोलता बोलता कळते की पाळी बदलताना कापड कुणी तपासतच नाही. तोडगा तिथेच असतो: पाळी बदलताना दोघांनी कापड पाहायचे, किनारीला खडूची खूण करायची, आणि या वेळची कपात मालकाने परत द्यायची. डाग कुणाचा, हे ठरवावेही लागत नाही.

भाषेचा मुद्दा इथे फार मोठा आहे. अनेक कामगारांची घरची भाषा तेलुगू, काहींची कन्नड किंवा उर्दू. मराठीत ‘हो, हो’ म्हणणारी बिडी कामगार तेलुगूत ‘अक्का’ म्हणून हाक मारली की खरी तक्रार सांगते. ती बहुतेक वेळा छाटीची असते: वळून आणलेल्या बिड्यांतल्या किती बाद केल्या, दिलेली पाने मुळात चांगली होती का. बिडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ च्या कलम ३९ मध्ये कच्चा माल, छाट आणि छाट बिड्यांची मजुरी या वादांसाठी खास तरतूद होती, यावरून या दुखण्याचे वजन कळावे.

उचल घेतलेल्या कामगाराच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. ज्याच्या डोक्यावर मालकाचे कर्ज आहे, त्याचा होकार हा होकार असतोच असे नाही. मालकाच्या जवळच्या माणसाने ‘आपसांत मिटवून टाका’ म्हणणे ही मध्यस्थी नव्हे, तो दबाव आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते. लहान कारखान्यांवर ते बंधन नाही, म्हणून तिथे मध्यस्थाची गरज जास्त. बोलणे फिसकटले तर वाद सरकारी समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. त्याने साधारणपणे ४५ दिवसांत, आणि संप किंवा टाळेबंदीची नोटीस असल्यास १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मध्यस्थीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. बैठकीतले बोलणे गोपनीय राहावे, हे त्यातले महत्त्वाचे तत्त्व.

लैंगिक छळाच्या तक्रारीत पेठेतल्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडू नये. २०१३ च्या कायद्यानुसार समेट फक्त पीडित महिलेने स्वतः मागितला तरच होतो, तोही त्याच कायद्याखालच्या समितीमार्फत, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही.

तोडगा निघाला की तो कागदावर येतो: रक्कम, तारीख, कुणी काय करायचे. सह्या किंवा अंगठे घेण्याआधी हा कागद ज्याच्या-त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा, आणि एक प्रत कामगाराच्या हातात द्यावी.