कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग : संधिद्रवावरून निदान

गुडघ्यात किंवा खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याभोवती जंतू शिरले आहेत का, हे सुईने काढलेल्या संधिद्रवातील पेशी व प्रथिने तपासून ठरवण्याची पद्धत. विदर्भात तिला ‘टोंगळ्यातलं (गुडघ्यातलं) पाणी काढणं’ एवढेच म्हणतात. नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधील एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. लांबून आलेल्याला निदान अर्धवट राहून परतावे लागू नये, म्हणून ही तपासणी मोलाची.

जंतू धातूवर चिवट थर धरून बसतात. ताप नसतो, रक्ततपासणीही कधी स्वच्छ येते; सांधा मात्र दुखत राहतो.

किती श्वेतपेशी म्हणजे संसर्ग, यावर मतभेद आहेत. नैसर्गिक सांध्यात दर मायक्रोलिटरला ५०,००० हा जुना संकेत. कृत्रिम सांध्याला तो लावणे घातक ठरते. अमेरिकेत २०११ मध्ये संसर्गाची व्याख्या ठरली. ३,००० पेशी व त्यांत ८० टक्के न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या श्वेतपेशींचा एक प्रकार) हे आकडे साधारणपणे २०१३ च्या फिलाडेल्फिया परिषदेपासून रूढ झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सूज स्वाभाविक असल्याने १०,००० ची मर्यादा धरतात. २०१८ मध्ये वेगवेगळ्या तपासण्यांच्या निकालांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत आली : ६ किंवा अधिक गुण म्हणजे संसर्ग. युरोपीय व्याख्येने (२०२१) १,५०० ते ३,००० हा शंकेचा पट्टा मानला. हीच मांडणी अधिक सावध वाटते. या पट्ट्यातल्या रुग्णाला निर्दोष ठरवून घरी पाठवू नये.

अल्फा-डिफेन्सिन हे न्यूट्रोफिल पेशींतील जंतुनाशक प्रथिन. त्याची चाचणी विश्वासार्ह पण महाग, आणि सांध्यात धातूची झीज असल्यास फसवी. स्वस्त पर्याय लघवी तपासण्याच्या पट्टीचा : तिच्यावर द्रवाचा थेंब टाकून सुमारे दोन मिनिटे थांबतात, गडद जांभळा रंग आला की संसर्गाचा संशय बळावतो. द्रव रक्ताळलेला असेल तर आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा निवळ भाग घ्यावा लागतो, नाहीतर रंगच वाचता येत नाही. पेशीमोजणीचा नमुना ईडीटीएच्या (गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत लगेच प्रयोगशाळेत पोचवावा. उशिराने पेशी फुटतात व आकडा खाली येतो.

जंतू कोणता, हे मात्र मुख्यतः कल्चर, म्हणजे द्रवातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, सांगते. ते १४ दिवस ठेवतात, आणि शक्य असल्यास द्रव काढण्यापूर्वी दोन आठवडे प्रतिजैविके बंद ठेवतात. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत; त्यांची तपासणी चिठ्ठीवर वेगळी लिहावी लागते.