दान पडल्यावर कुठून मोजायचं?

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत एका घरी संध्याकाळी शिकवणी भरते. पहिली-दुसरीतली आठ मुलं, एक सतरंजी आणि शिकवणाऱ्या ताई. गृहपाठ उरकला की शेवटची पंधरा मिनिटं सापशिडी. शिकवण्या घेणाऱ्या अशा बायकांना खेळातून कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण आम्ही देतो, म्हणून मी त्या दिवशी तिथे बसले होते.

एका मुलाची सोंगटी चोविसाच्या घरात होती. पाचाचं दान पडलं. "एक, दोन, तीन, चार, पाच," म्हणत त्यानं सोंगटी टपटप पुढे नेली आणि फासा शेजारणीला दिला. आपण कुठल्या घरात पोचलो, हे त्यानं पाहिलंही नाही.

आपण सगळे सापशिडी अशीच खेळलो आहोत. पण तीच सोंगटी "पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस" म्हणत नेली तर? एलिडा लास्की आणि रॉबर्ट सिगलर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. लहान मुलांना शंभर आकड्यांचा पट खेळायला दिला. काही मुलांनी दर वेळी एकपासून मोजलं, काहींनी सोंगटीच्या पुढच्या घराचा आकडा उच्चारत मोजलं. आकडे ओळखणं आणि रेषेवर एखाद्या संख्येची जागा अंदाजानं दाखवणं, या दोन्हींत दुसऱ्या मुलांची प्रगती स्पष्टपणे जास्त झाली. पट तोच, फरक फक्त मोजण्यात.

कारण साधं आहे. "एक, दोन, तीन" म्हणताना डोळे सोंगटीवर असतात, घरात छापलेल्या आकड्याशी कामच पडत नाही. पुढच्या आकड्यापासून मोजायचं तर प्रत्येक घर वाचावं लागतं. तोंडातला शब्द, डोळ्यांसमोरची खूण आणि बोटानं कापलेलं अंतर एकाच क्षणी जुळतात. संख्या मोठी म्हणजे वाट लांब, ही जाण अशी हळूहळू मुरते.

आपल्या मुलांना याची जरा जास्तच गरज आहे, असं मला वाटतं. 'पंचवीस' म्हणताना तोंडात पाच आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी. 'एकोणतीस' ऐकू येतं तीस, लिहायचे दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता! बडोद्यातल्या मराठी मुलांना तर घरात 'एकोणतीस' आणि शाळेत 'ओगणत्रीस', दोन्हीकडे तोच पेच. शब्द आणि आकडा समोरासमोर आणणारा खेळ त्यांना रोज मिळायला हवा.

ही गोष्ट ताईंना सांगायला पाच मिनिटं लागली. अंगवळणी पडायला मात्र कितीतरी दिवस गेले, कारण मूल अडलं रे अडलं की आकडा मोठ्यांच्याच तोंडून निसटतो. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि "माहीत नाही" कमी झालं. म्हणून प्रशिक्षणात आम्ही ताईंनाच पटाभोवती बसवतो. एक जण मुद्दाम अडते, बाकीच्या ओठ मिटून मनात तीनपर्यंत मोजतात. पाहायला सोपं वाटतं, करताना जीव कासावीस होतो.

मोठ्यांनी मागे राहायला शिकावं, हा विचार गुजरातला नवा नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली सुरू झालेल्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि पुढे आपल्या ताराबाई मोडक यांनी तो रुजवला. पण मागे राहणं म्हणजे मुलांना नुसतं सोडून देणं नव्हे. कुठून मोजायचं हे मुलांना आपणहून सुचेलच असं नाही. तेवढं मोठ्यांनी सुचवायचं आणि मग गप्प बसायचं.

महिन्याभरानं मी पुन्हा गेले. तोच मुलगा, सोंगटी अडतिसाच्या घरात, दान चाराचं. बोट पुढच्या घरावर गेलं आणि थांबलं. ताईंचे ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले. शेजारची मुलगी पुटपुटली, "ओगणचालीस." त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे. "एकोणचाळीस," तो म्हणाला, "चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस." बेचाळिसात साप होता. सोंगटी घसरत अकराच्या घरात आली, आणि आपण कुठे आलो ते त्यानं स्वतःच मोठ्यानं वाचलं.