सहा प्रवाशांची बोट: खोल समुद्रातल्या हौशी मासेमारीची पार्श्वभूमी

सुट्टीत खोल समुद्रात गळ टाकायला खासगी बोट ठरवायची म्हटलं, की कुठेही थोड्याफार फरकाने तेच तपशील समोर येतात. अर्धा दिवस की पूर्ण दिवस. सोबत कॅप्टन आणि एक खलाशी. काठी, रीळ, आमिष सगळं बोटीवरच. धरलेला मासा कोणाचा, याबद्दल एखादी ओळ. आणि बोट अमेरिकेतली असेल तर बहुतेक वेळा हेही लिहिलेलं असतं: जास्तीत जास्त सहा प्रवासी. बोट ठरवणारा माणूस तारीख आणि भाडं बघतो, बाकीच्या ओळींवरून नुसती नजर फिरवतो. पण त्यातल्या बहुतेक ओळींमागे काहीतरी घडून गेलेलं आहे. सहाच्या आकड्यामागे तर ४५ मृत्यू आहेत.

अशा भाड्याने ठरवलेल्या बोटीला ‘चार्टर’ बोट म्हणतात. आधी त्या शब्दाविषयी. जहाजाच्या भाडेकराराला इंग्रजीत ‘चार्टर पार्टी’ म्हणतात, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘कार्टा पार्टिटा’त आहे. अर्थ ‘कापलेला कागद’. मध्ययुगीन युरोपात जहाज भाड्याने घेताना करार एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि कागद मधून कापून एक तुकडा जहाजवाल्याकडे, दुसरा व्यापाऱ्याकडे ठेवत. तंटा झालाच तर दोन्ही तुकडे जुळवून बघायचे. मालवाहतुकीतला हा शब्द पुढे मासेमारीच्या बोटींना चिकटला, आणि त्यातला दोन बाजूंचा अर्थ माझ्या मते आजही खरा आहे. एका बाजूला गळ धरणारा पाहुणा, दुसऱ्या बाजूला समुद्र ओळखणारा बोटवाला. या छंदाच्या इतिहासात पहिल्याचं नाव ठळक राहिलं आणि दुसऱ्याचं पुसट झालं.

या छंदाची सुरुवात साधारणपणे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांता कॅटलिना बेटावरून सांगतात. तिथल्या अ‍ॅव्हलॉन गावात १९व्या शतकाच्या अखेरीस पाहुणे येत, बोटवाल्याला पैसे देत आणि हातदोरीने मासे ओढत. जाड दोर, एकेका दोराला अनेक गळ, आणि मासा लागला की सरळ खेचून बोटीत. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गअभ्यासकाला ही कत्तल बघवली नाही. खाण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठीही नव्हे, नुसते ढीग लावण्यासाठी मासे मारले जात होते. १ जून १८९८ रोजी त्यांनी काठी, रीळ आणि बारीक दोरी वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा ब्लूफिन ट्यूना धरला. झुंज जवळजवळ चार तास चालली. त्याच वर्षी त्यांनी अ‍ॅव्हलॉनचा ट्यूना क्लब स्थापन केला. दोरी २४ पदरांहून जाड नको, हातदोरी नको, माशाला सुटण्याची संधी मिळालीच पाहिजे, असा त्या क्लबचा आग्रह होता. शंभर पौंडांहून मोठा ट्यूना या नियमांत बसवून धरणाऱ्याला निळं बटण मिळे.

मासे कमी मारले जावेत यासाठी मासेमारी मुद्दाम अवघड करायची, हा विचार मला त्या काळासाठी विलक्षण वाटतो. त्याचा एक परिणाम मात्र होल्डरना बहुधा अपेक्षित नसावा. मासेमारी अवघड झाली आणि बोटवाला अपरिहार्य झाला. हातदोरीने कोणीही ओढू शकत होतं. बारीक दोरीवर मोठा मासा दमवायचा तर बोट माशाच्या मागे वळवणारा, दोरीला ढील कधी द्यायची आणि ताण कधी, हे सांगणारा माणूस हवाच. चार्टर कॅप्टन हा पेशा इथे आकाराला आला.

तेव्हाच्या रिळांची कल्पना आज येणार नाही. मूठ थेट चकतीला जोडलेली असे. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटं सापडली तर मोडत. ब्रेक म्हणून चामड्याचा एक तुकडा, तो अंगठ्याने दोरीवर दाबायचा. विल्यम बोशन या ट्यूना क्लबच्या सदस्याने रिळाच्या आत दाब कमीजास्त करता येईल अशी रचना सुचवली आणि ब्रुकलिनच्या ज्युलियस व्हॉम होफ यांनी ती बनवली. तारेच्या आकाराची चकती फिरवून दोरीचा ताण ठरवायचा, आणि मासा दोरी ओढत असताना मूठ जागच्या जागी राहणार. १९१३ साली बोशनने अशा रिळावर काठीने स्वोर्डफिश, म्हणजे तलवारीसारखी चोच असलेला मासा, धरला. काठी-रिळावर धरलेला तो पहिला स्वोर्डफिश मानतात. बोट चालवत होता जॉर्ज फार्न्सवर्थ. आमिष पतंगाला बांधून बोटीपासून दूर, लाटांवर नाचवायची युक्ती याच फार्न्सवर्थची. बोटीच्या आवाजाने ट्यूना बुजतात हे त्याला रोजच्या फेऱ्यांतून कळलं होतं.

फ्लोरिडात वेगळी वाट निघाली. टार्पन हा चंदेरी, उड्या मारणारा मासा १८८५ साली तिथे काठी-रिळावर धरला गेला आणि उत्तरेकडचे श्रीमंत लोक हिवाळ्यात गळ घेऊन दक्षिणेला उतरू लागले. रेल्वे आली, हॉटेलं आली, मागोमाग भाड्याच्या बोटी आल्या. मायामीतल्या पिअर पाच या धक्क्यावर १९३०च्या सुमारास चार्टर बोटींची रांग लागे. दुपारी बोटी परतल्या की मासे फळ्यांवर टांगत आणि शहरातले लोक फिरायला येऊन ते बघत. कॅप्टनची ही सगळ्यात मोठी जाहिरात. उद्याची बोट कोणाची घ्यायची, ते आजच्या फळीवर ठरे. फोटो, वजनकाटा, धरलेल्या माशासोबत ताठ उभा राहिलेला पाहुणा, हे दृश्य त्या धक्क्यांवरून जगभर पसरलं. मासा पेंढा भरून भिंतीवर लावायचा धंदाही त्याच धक्क्यांच्या आधाराने वाढला.

कॅप्टन टॉमी गिफर्ड याने याच काळात आऊटरिगर रुजवले. बोटीच्या दोन्ही बाजूंना तिरके पसरलेले हे लांब बांबू आमिषाची दोरी बोटीने घुसळलेल्या पाण्यापासून दूर धरतात. मासा आमिषावर झडप घालतो तेव्हा दोरी चिमट्यातून सुटते आणि सैल पडते. तेवढ्या दोन-तीन क्षणांत आमिष मेल्यासारखं बुडतं, आणि मार्लिन, म्हणजे भाल्यासारखी चोच असलेला मोठा मासा, वळून ते गिळतो. फार्न्सवर्थचा पतंग आणि गिफर्डचे बांबू एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत, आणि दोन्ही पोटासाठी रोज समुद्रावर जाणाऱ्यांनी शोधली. या काळाचं नाव निघालं की कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे आठवतात. १९३४ साली ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यात बांधलेली त्यांची ३८ फुटी ‘पिलार’ बोटही आठवते. आठवण रास्त आहे. पण समुद्रात आज फिरणाऱ्या चार्टर बोटीची ठेवण पिलारपेक्षा गिफर्डला जास्त देणं लागते.

आता सहाच्या आकड्याकडे. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला माँटॉक आहे. शहरातल्या कामगारांना खासगी बोट परवडत नसे. त्यांच्यासाठी डोईमागे भाडं घेणाऱ्या बोटी होत्या आणि पहाटे सुटणारी मच्छिमारांची खास रेल्वेगाडी होती. गाडी थांबली की लोक उतरून धक्क्याकडे पळत, कारण आधी येईल त्याला जागा मिळे. १ सप्टेंबर १९५१, लेबर डेच्या सुट्टीतला शनिवार. ‘पेलिकन’ ही ४२ फुटी बोट ६२ प्रवासी आणि दोन माणसांचा ताफा घेऊन निघाली. बोटीच्या मानाने ही गर्दी भलतीच होती. परतताना हवा फिरली, दोनपैकी एक इंजिन बंद पडलं आणि माँटॉकच्या दीपगृहाच्या जवळ लाटांनी ती उलटवली. ४५ माणसं गेली, त्यांत कॅप्टनही होता. १९ वाचली.

भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या मोटारबोटीच्या चालकाकडे परवाना हवा, ही अट १९४०च्या कायद्यात होती. माणसाची परीक्षा होत होती, पण १५ टनांखालच्या अशा बोटीची तपासणी करायची सोयच कायद्यात नव्हती. किती माणसं चढवायची, ते धक्क्यावर ठरे. पेलिकननंतर चौकशी झाली, आणि १९५६ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला: भाड्याने सहापेक्षा जास्त प्रवासी न्यायचे असतील तर लहान बोटीचीही तटरक्षक दलाकडून तपासणी झालीच पाहिजे. सहापर्यंत त्यातून सूट. खासगी चार्टर म्हणजे सहा पाहुणे आणि त्याहून जास्त म्हणजे तपासलेली, ठरावीक आसनसंख्येची बोट, ही विभागणी तिथून पक्की झाली. सहा जणांची परवानगी असलेल्या कॅप्टनच्या परवान्याला अमेरिकेत बोलताना ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. सातव्या मित्राला घेऊ द्या म्हणून धक्क्यावर कॅप्टनशी हुज्जत घालणाऱ्या पाहुण्याला पेलिकनची गोष्ट माहीत असावी, असं मला फार वाटतं.

बोटीही याच सुमारास बदलल्या. तोवर बहुतेक चार्टर बोटी म्हणजे फेरबदल केलेल्या सहलीच्या नौका. फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचच्या रिबोविच कुटुंबाने १९४७ साली ‘मिस शेव्ही टू’ बांधली. मुळापासून खेळाच्या मासेमारीसाठीच आखलेली ही पहिली बोट मानली जाते. पुढे उंच, मागे सखल, म्हणजे लाट फोडायलाही बरी आणि माशाला हात घालायलाही. माशाशी झुंजायची फिरती खुर्ची, अ‍ॅल्युमिनियमचे आऊटरिगर, बोटीच्या मागच्या भिंतीत मासा आत ओढायचं दार, वरून ट्यूना हेरायचा मनोरा, या गोष्टी रिबोविच यांच्या धक्क्यावर घडल्या किंवा तिथे सुधारल्या. जुनी लिननच्या धाग्याची दोरी रोज धुऊन वाळवावी लागे, नाहीतर कुजे. नायलॉन आणि मग डेक्रॉन आल्यावर तो जाच संपला.

विक्रमांचा कारभार पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आयजीएफए, ७ जून १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात स्थापन झाली. पुढाकार मायकेल लर्नर यांचा. तिचा गाभ्याचा नियम असा की मासा गळाला लागल्यापासून काठी, रीळ किंवा दोरीला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. शेवटी जाड दोरी हातात येते तेव्हाच खलाशी ती धरू शकतो. चार्टरवर येणाऱ्या पाहुण्याला हा नियम सहसा कोणी आधी सांगत नाही. खलाशाने गळ टोचून काठी हातात दिली, तर मासा कितीही मोठा असो, तो विक्रमात बसत नाही.

१९७० साली हवाईत हेच घडलं. कॉर्नेलियस चॉय यांच्या ‘कोरीन सी’ या होनोलुलूच्या चार्टर बोटीवर पाहुण्यांनी १,८०५ पौंडांचा, सुमारे ८१९ किलोचा ब्लू मार्लिन धरला. काठी-रिळावर आलेला इतका मोठा मार्लिन दुसरा नोंदलेला नाही. पण काठी एकापेक्षा जास्त हातांतून गेली होती, म्हणून तो विक्रम ठरला नाही. गंमत अशी की त्या माशाला लोक ‘चॉयचा राक्षस’ म्हणतात. इथे कॅप्टनचं नाव उरलं.

सगळ्यात मोठ्या मार्लिनचा अधिकृत विक्रम अजून पेरूतल्या काबो ब्लांकोचा आहे. तिथे थंड हंबोल्ट प्रवाह आणि विषुववृत्ताकडचं उबदार पाणी भेटतं. ४ ऑगस्ट १९५३ रोजी आल्फ्रेड ग्लासेल यांनी तिथे १,५६० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ७०८ किलोचा ब्लॅक मार्लिन धरला. पुढच्या दशकात तिथले मोठे मासे आटले आणि तिथला प्रसिद्ध मासेमारी क्लब पुढे बंद पडला. लक्ष ऑस्ट्रेलियाकडे वळलं. जॉर्ज ब्रान्सफर्ड हा अमेरिकी माणूस केर्न्सला स्थायिक झाला, त्याने ‘सी बेबी’ ही बोट बांधली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तिच्यावर १,०६४ पौंडांचा ब्लॅक मार्लिन धरला गेला. त्या एका माशानंतर जगभरचे शौकीन केर्न्सला येऊ लागले आणि शांत बंदरात चार्टर बोटींचा ताफा उभा राहिला.

राहिली मासा कोणाचा, ही ओळ. बऱ्याच बंदरांत मासा बोटीचा, असा जुना रिवाज होता. कॅप्टन तो विकून इंधनाचा खर्च भागवी, आणि पाहुण्याला फोटो मिळे. हवाईत तर हा रिवाज पक्काच होता. म्हणूनच आजही बोट ठरवताना हे विचारून घ्यावं लागतं. पण मार्लिन आणि त्याच्याच जातकुळीतल्या सेलफिशच्या बाबतीत प्रश्नच बदलला. १९५४ साली अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या फ्रँक मॅदर यांनी मासे मारण्याऐवजी खुणेची पट्टी टोचून सोडा, अशी विनंती हौशी मच्छिमारांना केली. शास्त्रज्ञांकडे इतक्या बोटी नव्हत्या, चार्टर कॅप्टनकडे होत्या. त्यांनी ऐकलं. १९८८ साली अमेरिकेने अटलांटिकमधल्या मार्लिन-सेलफिशच्या विक्रीवर बंदी आणली. ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर सेलफिशवर वर्तुळाकार गळ वापरून पाहिले, तेव्हा ते माशाच्या घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात हे दिसलं. २००८पासून अमेरिकेच्या अटलांटिकमधल्या मार्लिन-सेलफिश स्पर्धांत खरं आमिष लावताना तेच गळ सक्तीचे आहेत. भिंतीवर लावायला आता मासा मारावा लागत नाही. लांबीचा अंदाज दिला की फायबरग्लासची प्रतिकृती बनते.

सोडलेल्या माशाबरोबर एक छोटं कार्ड भरतात. पट्टीचा क्रमांक, तारीख, जागा, माशाची जात, अंदाजे लांबी. खाली एका ओळीत गळ धरणाऱ्याचं नाव, आणि दुसऱ्या ओळीत कॅप्टनचं.