खांद्याला मार लागला की हात बांधूनच ठेवायचा?

"खांद्याचं हाड मोडलं तर तीन महिने हात गळ्यातच ठेवा, हलवला की जोड सुटतो" हा फॉरवर्ड आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतच असतो. सुरुवातीला स्लिंग लागतेच, म्हणून ते पटतंही. पण सांध्याभोवतीचं आवरण फार दिवस हललं नाही की आवळतं आणि मग हाड जुळूनही हात वर जात नाही, लोकलची कडी सोडाच, साधे केस विंचरता येत नाहीत. म्हणून बोटं-मनगट सहसा लगेचच हलवायला सांगतात, खांदा कधी ते एक्सरे बघून डॉक्टर ठरवतात (ऑपरेशनवाल्यांचा हिशोब वेगळा). हाड जुळलंय असं डॉक्टर म्हणाले की आडवं पडून दुसऱ्याला हात हळूच वर न्यायला सांगा, तरी जात नसेल तर बहुतेक सांधा आखडलाय. दुसऱ्याने नेला की वर जातो पण स्वतःहून उचलता येत नाही? मग स्नायूचं किंवा नसेचं काही असू शकतं, परत दाखवा.